परगावची लेखनिक पाहिजे

आमच्याकडे नोकरीच्या कोणत्याही जाहिरातीखाली एक ओळ ठरलेली असते: स्थानिक उमेदवारास प्राधान्य. पेट्रोल पंप असो, राइस मिल असो, कोळसा खाणीतलं कंत्राटी काम असो, आधी स्थानिक. त्यामुळे सिंदेवाहीच्या सहकार कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवलेला तो कागद वाचला तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एका मच्छीमार सहकारी संस्थेला अर्धवेळ लेखनिक पाहिजे होता. पात्रता वाणिज्य पदवी. आणि खाली निळ्या पेनने, हाताने लिहिलेलं: परगावच्या उमेदवारास प्राधान्य.

मी तिथे गेले होते जीडीसीची चौकशी करायला. जीडीसी म्हणजे सहकार आणि लेखा पदविका. ती परीक्षा पास झालं की पुढेमागे सहकारी संस्थांचं ऑडिट करायला मिळतं. ब्रह्मपुरीला बी.कॉम. झाल्यापासून मी तिचा अभ्यास करत होते आणि सोबत नोकरी शोधत होते, कारण हातात पेन न धरता नुसती पुस्तकं वाचून हिशेब येत नाही, हे मला पक्कं कळलं होतं. वरोऱ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याने "अनुभव?" एवढंच विचारून मला परत पाठवलं होतं. चंद्रपूरच्या एका सीएंनी परीक्षा झाल्यावर यायला सांगितलं. ब्रह्मपुरीच्या राइस मिलमध्ये मालकाने माझ्याशी न बोलता माझ्या भावाला विचारलं, हिचं लग्न कधी करता? मी तिथूनच उठून आले होते. भाऊ अजून म्हणतो की चहा तरी पिऊन उठायचं होतंस.

कागदावरचा पत्ता वाचला आणि पाल पुन्हा चुकचुकली. संस्था आमच्याच तलावाची होती. आमच्या तलावाच्या वरच्या अंगाला मासोळीवाल्यांचं गाव आहे आणि खालच्या अंगाला आमचं, धानवाल्यांचं. धान निसवायला, म्हणजे लोंब्यांवर यायला लागला की आम्हाला तलावाचं पाणी सोडून हवं असतं. मासोळी वाढायची म्हणून त्यांना ते राखून हवं असतं. पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, एक दगडी तुडुम आहे. त्याच्या भोकात लाकडाचा खुंटा ठोकलेला असतो आणि तो काढला की पाणी खाली पाटात येतं. दोन्ही गावची माणसं समोर असल्याशिवाय तुडुम उघडायचा नाही, आणि पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत उतरलं की बंद करायचा, असा जुना करार. करार आहे म्हणून भांडण नाही असं नाही. करारावरूनच भांडण आहे.

घरी सांगितलं तर बाबा जेवता जेवता थांबले.

"परगावचीच काऊन पाहिजे त्यांले? त्यांच्या गावात पोट्ट्यांचा दुष्काळ पडला का?"

"मला काय माहीत?"

"मले माहीत हाय. त्यांले परगाव नाई पाहिजे. त्यांले आपलं गाव पाहिजे. धानवाल्याची पोरगी बसवली खुर्चीवर, का आपली तोंडं बंद."

मला बाबांचं म्हणणं पटलं. तरी मी अर्ज केला, कारण दुसरीकडे कोणी मला उभं करत नव्हतं.

मुलाखतीसाठी मी सहकार कायद्याची कलमं पाठ करून गेले. संस्थेचं ऑफिस म्हणजे समाजमंदिरामागची एक खोली, टेबल, कपाट, आणि भिंतीवर काळा फळा. अध्यक्ष साठीच्या आसपासचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी एकही कलम विचारलं नाही.

"आमच्या गावात तुमचं कोणी सोयरं?"

"नाही."

"मामा, मावशी, कोणाची सून, कोणाचा साळा?"

"कोणीच नाही."

"मंग लय बरं हाय," ते म्हणाले आणि खरोखर खूश झाले.

कोपऱ्यातल्या बाकावर एक बाई जाळं विणत बसली होती. ती संस्थेची महिला संचालक. मी तिला लहानपणापासून पाहत होते, कारण आमच्या गावात मासोळीचं टोपलं घेऊन तीच यायची. मी तिच्या ओळखीची आहे असं तिने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. जाळ्यातून मान वर न काढता तिने विचारलं, "कोणी शिव्या देल्या तं रडतेस का व?"

"मी उलट देते," मी म्हटलं.

अध्यक्ष हसले. ती हसली नाही. मी विचारलं, परगावचीच का पाहिजे? अध्यक्ष म्हणाले, तसंच हाय आमच्या इथी. एवढ्यावर मला नोकरी मिळाली. माझी पहिली नोकरी, आणि आनंद व्हायच्या जागी मी सायकलवरून पाळीने परत येताना एकच विचार करत होते, की ही माणसं माझ्याकडून नेमकं काय काढून घेणार आहेत.

त्याच दिवशी मी ठरवलं, ऑफिसचं घरी बोलायचं नाही आणि घरचं ऑफिसात बोलायचं नाही. अध्यक्षांनी सहज म्हणून विचारलं, "तुमच्याकडं रोवणा आटोपला का?" की मी "माहीत नाही" म्हणायची, घरामागे धानाची लावणी चालू असताना. बाबांनी विचारलं, "संस्थेनं मासोळीची बोटुकली सोडली का तलावात?" की मी ताटाकडे बघायची. आईला वाटायचं, पोरगी नोकरीला लागली आणि मुकी झाली. मला वाईट वाटायचं, पण एकदा तोंड उघडलं की दोन्हीकडून ओढलं जाणार हे मला दिसत होतं.

काम अवघड नव्हतं. अवघड होतं ते ऐकून घेणं. पहिल्याच महिन्यात दोघं सख्खे भाऊ आले. धाकट्याचं म्हणणं, त्याच्या मासोळीचं वजन कमी लिहिलं. वजन काट्यावर थोरल्याने केलं होतं, मी फक्त त्याने सांगितलेला आकडा लिहिला होता, आणि थोरला तिथेच दाराला टेकून उभा होता. धाकटा त्याच्याकडे एकदाही वळला नाही. माझ्याकडे बोट करून ओरडला, "कोणाच्या घरचं खाऊन आली तू? दिसत नाई का तुले?" मी पण आवाज चढवला. आकडा मी नाही, याने सांगितला, म्हटलं विचार याला. त्यावर दोघंही एकदम गप्प झाले, मी काहीतरी अचकटविचकट बोलल्यासारखे. मग एकाच मोटरसायकलवर बसून चहा प्यायला निघून गेले.

हे सारखं व्हायचं. प्रत्येक जण येऊन माझ्यावर तोंडसुख घ्यायचा आणि हलका होऊन जायचा. माझ्या आधीचा लेखनिक ब्रह्मपुरीकडचा होता, त्याच्या आधीचा नागभीडकडचा. दोघंही टिकले नव्हते. का टिकले नाहीत, हे विचारलं की सगळे तलावाकडे बघायचे.

आणि ती बाई. ती मला अजिबात आवडत नव्हती, हे सरळच सांगते. संचालक म्हणून ती रोज बाकावर येऊन बसायची. हातात जाळं, पण डोळे माझ्यावर. मी फोन उचलला की "कोणाचा होय?" मी घरी निघाले की माझी थैली टेबलावर उलटी करायला लावायची. त्यात डबा, रुमाल आणि लेखापरीक्षणाचं पुस्तक. ते पुस्तकही ती हातात घेऊन पानं झटकायची, आतून काही पडतं का बघायला. काहीच पडायचं नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"बाई, रोज तेच पुस्तक आहे," मी एकदा चिडून म्हटलं.

"पुस्तक तेच हाय. तू तेच हायस का, ते पाहतो," ती म्हणाली.

माझ्या अभ्यासात एक अख्खा विषय लेखापरीक्षणाचा होता आणि त्यात पानोपानी शिकवलेलं होतं की गृहीत काही धरू नका, प्रत्येक गोष्ट तपासून घ्या. वाचताना ते फार शहाणपणाचं वाटायचं. स्वतःवर कोणीतरी करायला लागलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्या गावात माझ्याशी नीट वागणारा एकच माणूस होता, त्या बाईचा मुलगा. तिशीतला, संस्थेचा सभासद, आईचं एकुलतं एक लेकरू. तो कधी ओरडला नाही. माझ्या खुर्चीचा पाय हलत होता तो त्याने ठोकून दिला. "मॅडम, आमच्या लोकायचं मनावर घेऊ नका," म्हणायचा. मला त्याचाही संशय यायचा, पण वेगळा. आमच्याकडे माणूस इतका गोड बोलला की मुलीने दोन पावलं मागे सरायचं असतं, म्हणून मी सरले होते.

धान निसवायला आला. दोन्ही गावांनी पाळीवर बसून तुडुम उघडायचा दिवस ठरवला. त्याच्या आधीच्याच आठवड्यात गावात काढीव मुहूर्तावर एक मोठं लग्न निघालं. पाळीवर राखणीला कोणी जायचं ते ऑफिसातल्या फळ्यावर मीच लिहीत असे. लग्नाच्या दिवशी अध्यक्षांनी सांगितलं, आज राखण नाही, सगळे मांडवात. मी फळ्यावर आडवी रेघ मारली आणि घरी गेले.

सकाळी सायकलवरून पाळीवर चढले तर गर्दी. तलावाचं पाणी खुणेच्या खाली गेलेलं. काठाचा चिखल उघडा पडलेला, त्यात बोटाएवढ्या मासोळ्या तडफडत होत्या आणि बगळे त्यांच्यावर तुटून पडले होते. वर्षभराची वाढ वाहून गेली होती. तुडुमाचा खुंटा कोणीतरी काढला होता.

मी जवळ गेले तसा आवाज बंद झाला. मग वजनावरून ओरडणारा तो धाकटा म्हणाला, "राखण नाई, हे हिले माहीत होतं."

"फळ्यावर होतं ते. फळा सगळे वाचतात," मी म्हटलं.

"फळा आमच्या गावात हाय. पाणी तुमच्या गावात गेलं."

त्या बाईचा मुलगा मध्ये पडला. "जाऊ द्या ना बाप्पा. पोरगी हाय. घरी चुकून बोलली असन." त्याचा आवाज इतका समजूतदार होता की सगळ्यांनी माना हलवल्या, आणि माझ्या लक्षात आलं की त्या एका वाक्याने त्याने माझ्यावरचा आरोप शाबीत करून टाकला आहे.

मला रडू आलं नाही. भयंकर राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी भीती होती. कारण खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिलं नाव बाबांचं आलं होतं. मी घरी बोलले नव्हते, पण पाळीवर राखण नाही हे बाबांना खालूनही दिसलं असतं. मी सायकल तिथेच टाकली आणि पाटाच्या कडेने खाली चालत गेले.

तुडुमातून निघालेला पाट थोडं पुढे गेला की दोन फाटे फुटतात. एक आमच्या बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या शेतांकडे जातो, एक नाल्याला. बांध्यांकडच्या फाट्याच्या तोंडाला आम्ही मातीचा बंधारा घालून ठेवतो, पाणी घ्यायच्या दिवशी तो कुदळीने फोडायचा. तो बंधारा जसाच्या तसा होता. त्यावर गवतसुद्धा मोडलं नव्हतं. सगळं पाणी नाल्याला गेलं होतं. आमच्या गावचा कोणी असता तर पाण्याचा थेंब बांधीत आल्याशिवाय राहिला नसता. नाल्याच्या तोंडाशी चिखलात मात्र खुंट रोवल्याची भोकं होती, एका ओळीत, या काठापासून त्या काठापर्यंत. तिथे कोणीतरी कामट्यांचा सापळा लावला होता. पाण्याबरोबर खाली आलेली मोठी मासोळी त्यात अडकली असणार. हे काम धानवाल्याचं नव्हतं.

हे मला दिसलं तर त्यांना दिसलं नसेल? जन्म पाण्यात गेलेली माणसं ती. मी वर पाळीकडे पाहिलं. सगळे मला बघत होते, आणि मी कुठे उभी आहे हे त्यांना कळत होतं. एकही माणूस खाली आला नाही.

संध्याकाळी घरी बाबांनी मला विचारलं, "तू कोणाले बोलली का?"

"तुम्ही उघडला का?" मी विचारलं.

दोघांनाही लागलं. बाबा उठून अंगणात गेले. आई म्हणाली, बापाला असं विचारतात का? मी म्हटलं, लेकीला विचारतात का? त्या दिवशी आमच्या घरी कोणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष ऑफिसात एकटे आले. बाई बाकावर नव्हती. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मॅडम, राग नका मानू. तुम्ही काम सोडा. मी कागदावर चांगलं लिहून देतो, काम उत्तम, वर्तणूक उत्तम. तुमची परीक्षा हाय, कामात येईन."

"मी काही केलेलं नाही."

"मी कुठी म्हणतो केलं म्हणून?"

"मग?"

त्यांनी खिशातली पेनं काढून टेबलावर ठेवली, पुन्हा खिशात लावली. मग बोलले. "इथी सगळे एकमेकांचे साळे-भाऊजी हायत. याले विचारलं तं त्याले राग येते, त्याले विचारलं तं सोयरिक मोडते. मागं आमच्यातलाच लेखनिक ठेवला होता. वर्षभरात दोन घरचं बोलणं बंद झालं, एक पोरगी माहेरी येऊन बसली. तवापासून परगावचा ठेवतो. त्याच्यावर सगळ्यायनं ओरडावं, मोकळं व्हावं, अन् संध्याकाळी एका पंगतीले बसावं."

"म्हणजे माझ्यावर संशय घ्यायलाच मला ठेवलंय?"

"हिशोबाले बी ठेवलं ना बाप्पा," ते कळवळून म्हणाले.

इतक्या महिन्यांत माझे हेरगिरीपासून पाण्याच्या राजकारणापर्यंत सगळे डाव कल्पून झाले होते. हा एक माझ्या डोक्यात आला नव्हता. मला क्षणभर हसू आलं, मग अंग तापलं.

"तुडुम कोणी उघडला ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत झालं तं कारवाई करा लागन. कारवाई केली तं गाव फुटन. तुमचं काय, तुम्ही परीक्षा देऊन निघून जासान. तो इथीच राहणार हाय."

त्यांच्या दृष्टीने ते बरोबर होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला याच तालुक्यातल्या संस्थांचं ऑडिट करायचं होतं. ऑडिटरकडे नावाशिवाय दुसरं काय असतं? संस्थावाले एकमेकांना ओळखतात. मी दारात उभी राहिले की आतून कोणीतरी म्हणणार, बापासाठी तलाव सोडणारी ती हीच. त्यांचा उत्तम वर्तणुकीचा कागद त्यापुढे काय बोलणार होता? माझी सुरुवात व्हायच्या आधीच ते ती संपवत होते, आणि तेही माझ्या भल्याचं बोलत.

"मला काढायचं तर सभेत काढा. माझ्या तोंडावर. सगळे बसलेले असताना म्हणा की हिने तुडुम उघडवला," मी म्हटलं.

"कायले तमाशा?"

"नाही म्हणालात तर मी सहकार कार्यालयात अर्ज देईन." खरं तर तसा अर्ज कोणत्या कलमाखाली द्यायचा हे मला त्या वेळी आठवत नव्हतं. पण अध्यक्षांनाही माहीत नसावं, कारण त्यांनी सभा बोलावली.

समाजमंदिरात सगळे जमले. बायका एका बाजूला, माणसं एका बाजूला. मला खुर्ची दिली होती, आणि खुर्चीवर मी एकटीच असल्यामुळे आरोपीसारखी दिसत होते. अध्यक्ष उभे राहिले, घसा साफ केला, संस्थेचं नुकसान झालं म्हणाले, कोणाचं नाव घ्यायचं नाही म्हणाले, आणि मग माझं नाव घेतलं. मॅडमकडून अजाणता काही झालं असेल, त्या स्वखुशीने काम सोडत आहेत.

"स्वखुशीने नाही," मी म्हटलं.

"अरे जाऊ द्या ना," बाईचा मुलगा मागून म्हणाला. "आपण कोणी त्यांले दोष नाई देऊन राह्यलो."

तेवढ्यात बायकांच्या बाजूने ती उठली.

"ही नाई," ती म्हणाली.

"बसा बाई," अध्यक्ष म्हणाले.

"बसत नाई. माहा हिच्यावर पह्यल्या दिवसापासून भरोसा नाई. धानवाल्याची पोरगी, काऊन ठेवू भरोसा? म्हणून मी पाह्यलं. हिची थैली रोज पाह्यली. हिले फोन कोणाचा येते ते पाह्यलं. ही घरी जाते तं पाळ उतरेपर्यंत मी झाडाखाली उभी राह्यतो. हिच्या गावात मासोळी विकाले जातो तं हिच्या मायले विचारतो, पोरगी काय सांगते व संस्थेचं? ते माय रडकुंडीले येते. म्हणे, पोरगी घरात तोंडच उघडत नाई."

आईने तिला मासोळीच्या निमित्ताने हे सगळं सांगितलं होतं! मला त्या क्षणी उठून त्या बाईला जाब विचारावासा वाटला, आणि मग कळलं की ती मला वाचवते आहे. माझ्या बाजूने बोलणारं त्या सभेत दुसरं कोणी नव्हतं. आणि ती बोलू शकत होती ते केवळ एवढ्यासाठी, की तिने माझ्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता.

"मंग कोण?" कोणीतरी विचारलं. विचारणाऱ्यालाही ते विचारल्याचा पश्चात्ताप झाला असावा, कारण तो लगेच पुढच्याच्या पाठीमागे सरकला.

ती जागची हलली नाही. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माह्या घरामागं सापळा ओला होता. लग्नात कोणी मासोळी धराले गेलं होतं का? मी विचारलं, ओला काऊन? तो म्हणे, धुतला." मग माणसांच्या बाजूकडे न पाहता ती म्हणाली, "सापळा कोण धुते?"

कोणी वळून मागे बघितलं नाही. मागे चपला घासल्याचा आवाज आला, दाराचा आवाज आला, आणि मुलगा निघून गेला.

सभेने काही ठराव केला नाही. माझ्या नोकरीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, म्हणजे ती राहिली. एरवी कितीही आरडाओरडा झाला तरी ही माणसं घोळक्याने चहाला जायची. त्या दिवशी एकेकटी निघाली. काट्यावरचे ते दोघं भाऊसुद्धा वेगवेगळे गेले. अध्यक्ष माझ्या खुर्चीपाशी थांबून म्हणाले, "झालं तुमचं समाधान?" माझं नाव धुऊन निघालं होतं आणि मला जरासुद्धा बरं वाटत नव्हतं.

घरी जायच्या आधी मी तिच्याकडे गेले. ती उंबऱ्यावर बसली होती, हातात जाळं नव्हतं. मी सायकल उभी केली.

"आभार मानाले आली का काई विचाराले?" तिने विचारलं.

"आभार मानायला."

"तुह्यासाठी नाई बोलली मी." ती रस्त्याकडे पाहत होती. "तुले वाटन, ही लय खरी बाई. तसं नाई व. मी तुले येवढं पाह्यलं ते तूच असावी म्हणून पाह्यलं. त्या दिवशी पाळीवरून घरी आली अन् पुन्हा सगळं आठवून पाह्यलं, तू काय बोलली, कोणाले बोलली. तुह्यात येवढंसं काई भेटलं असतं तं मले घरामागं जा लागलं नसतं."

मी सायकल वळवली. तेवढ्यात तिने विचारलं, "येताना रस्त्यानं माहा पोरगा दिसला का व तुले?"

"नाही," मी म्हटलं.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं आणि माझा चेहरा नीट न्याहाळला. मी खोटं बोलत असावं, अशी तिची फार इच्छा होती.